एकटा ग्लायडर विकूच नये

शुगर ग्लायडर घाबरला की त्याच्या गळ्यातून निघणारा आवाज जुन्या इलेक्ट्रिक रेझरसारखा असतो. आधी घरघर, मग खरखर, श्वासागणिक चढत जाणारी. मुठीत मावेल एवढा जीव मागच्या पायांवर उभा राहतो, पुढचे पंजे उचलतो, तोंड उघडतो आणि हा आवाज सुरू करतो. ग्लायडर पाळणारी मंडळी याला ‘क्रॅबिंग’ म्हणतात. मोबाइलवर असे व्हिडिओ पुष्कळ फिरतात आणि पाहणारे हसतात. किती गोड चिडलाय म्हणतात. तो चिडलेला नसतो. भरदिवसा, त्याच्या गाढ झोपेच्या वेळी, कोणीतरी त्याला पिशवीतून उजेडात ओढलेलं असतं. आता आपल्याला कोणीतरी खाणार, या भीतीने तो ओरडत असतो.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत हा प्राणी गेल्या काही वर्षांत येऊ लागला आहे. जागा लागत नाही, आवाज करत नाही, फिरायला न्यावं लागत नाही, खिशात घालून कुठेही नेता येतो, असं सांगून तो विकला जातो. यातलं एकही वाक्य धड खरं नाही. रात्री दोन वाजता ग्लायडर लहानशा कुत्र्यासारखा भुंकायला लागला की शेजारच्या खोलीतले उठून बसतात. जागेचं म्हणाल, तर जमिनीवरची जागा त्याला कमी लागते हे खरं. पण उंची लागते आणि ती भरपूर लागते. शिवाय पुष्कळदा तो विकला जातो एकटा. एका छोट्या पिंजऱ्यात, एका कापडी पिशवीसह, एक ग्लायडर.

ही एकट्याची विक्री थांबली पाहिजे. पिंजरा कसा असावा, खायला काय द्यावं, उन्हाळ्यात काय करावं, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे आहेत, तेही महत्त्वाचेच. पण पहिलीच गोष्ट चुकली तर बाकी सगळं नीट करूनही तो प्राणी सुखी होत नाही.

नाव आणि झेप पाहून लोक त्याला उडती खार समजतात. उडती खार आपल्या सह्याद्रीत आहे, भीमाशंकरच्या शेकरूची नातलग. ती कृंतक गणातली, म्हणजे उंदीर-घुशींच्या बाजूची. शुगर ग्लायडरचं घराणंच वेगळं. तो कांगारू आणि कोआला यांच्या बाजूचा, पोटाला पिशवी असलेला शिशुधान प्राणी आहे आणि मूळचा ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीकडचा. दोघांच्याही अंगाला पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत ताणला जाणारा कातडीचा पडदा आहे, पण तो दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेला. उंच झाडांच्या जंगलात खाली न उतरता पुढचं झाड गाठायचं, तर निसर्गाला दोन्हीकडे एकच युक्ती सापडली. ग्लायडरचं वजन साधारण १०० ते १५० ग्रॅम. एवढ्याशा देहाने तो एका झेपेत ५० मीटरपर्यंतचं अंतर तरंगत जातो. शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला दिलेलं ‘पेटॉरस’ हे नाव दोरीवर कसरती करणाऱ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. नाव ठेवणाऱ्यांनी त्याला नीट पाहिलं होतं.

अमेरिकेत १९९० च्या दशकात हा प्राणी पाळीव म्हणून पसरला. तिथल्या पाळीव ग्लायडरांची जनुकं तपासली गेली, तेव्हा त्यांचं मूळ ऑस्ट्रेलियात नव्हे, तर इंडोनेशियाच्या पश्चिम पापुआ भागात, सोरोंगच्या आसपास निघालं. नव्वदच्या दशकापासून मोजलं तर माणसाच्या घरात त्याला जेमतेम तीस-पस्तीस वर्षं झाली आहेत. कुत्रं हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर आणि मायेवर वाढलं. माणसाची नजर, आवाज, राग-लोभ त्याला कळतात. ग्लायडरला अजून जंगलाचेच नियम ठाऊक आहेत. त्याला घरात आणायचं तर त्यातले निदान मुख्य नियम माणसाने पाळले पाहिजेत.

त्या नियमांतला पहिला म्हणजे घोळका. जंगलात ग्लायडर झाडाच्या ढोलीत पानांचं अंथरूण करून राहतात. एका ढोलीत सातपर्यंत प्रौढ आणि त्यांची पिल्लं. प्रौढ नराच्या डोक्यावर केस गेलेला एक ठिपका दिसतो आणि नवीन मालक घाबरून डॉक्टरकडे धावतो. ते टक्कल आजाराचं नाही. ती गंधग्रंथी आहे. छातीवर आणखी एक असते. नर ती सोबत्यांच्या अंगावर घासतो आणि ढोलीतल्या सगळ्यांना एकच वास चढतो. आपला कोण, परका कोण, हे त्या वासावरून ठरतं. थंडीत सगळे एकमेकांत गुरफटून झोपतात. पिल्लू जन्मतं ते अवघे सोळा दिवस गर्भात राहून, सुमारे ०.२ ग्रॅम वजनाचं, तांदळाच्या दाण्याएवढं. पुढचे साधारण ७० दिवस ते आईच्या पिशवीत. तिथून बाहेर आलं तरी ढोलीत कोणाच्या ना कोणाच्या अंगाला बिलगलेलं. आई अन्न शोधायला गेली तर बाप त्याला ऊब देतो. जन्मल्यापासून एकटेपणा म्हणजे काय हे त्याने पाहिलेलंच नसतं. एकटेपणा त्याला पहिल्यांदा दिसतो दुकानातून घरी आल्यावर.

एकट्या ग्लायडरचं काय होतं, हे असे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यकांना पाठ आहे. अंगावरचे केस ओढून ओढून चट्टे पडतात. पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात तीच ती कोलांटी रात्रभर चालू राहते. काही जण खाणं टाकतात, काही खातच सुटतात. काही स्वतःची शेपूट, पाय, गुप्तांग कुरतडतात. जखम शिवली तर टाकेही ओढून काढतात. हे वाचायला बरं वाटत नाही. पण ‘पॉकेट पेट’ या गोंडस नावाखाली एकटा प्राणी घेऊन जाणाऱ्याला विकत घेण्याआधी हे कोणीतरी सांगायलाच हवं.

यावर विक्रेत्यांचं ठरलेलं उत्तर असतं. एकटा असला की माणसाचा लळा लवकर लागतो, जोडी आणली तर ते दोघे आपल्यातच राहतात. या म्हणण्याचा हिशेब मांडून पाहावा. ग्लायडर निशाचर आहे. संध्याकाळनंतर तो जागा होतो, समजा रात्री आठला. घरातलं माणूस नोकरीवरून येतं, जेवतं, तासभर त्याच्याशी खेळतं आणि अकराला झोपतं. अकरा ते पहाटे पाच-सहा, म्हणजे त्याच्या सगळ्यात जागत्या वेळेत, रोज सहा-सात तास तो अंधाऱ्या खोलीत एकटा. दिवसा मालकाच्या खिशात असतो खरा, पण तेव्हा तो झोपलेला असतो. माणूस कितीही मायाळू असला तरी ग्लायडरच्या भाषेत बोलू शकत नाही, त्याच्या अंगाला वास लावू शकत नाही, पहाटे तीनला त्याच्या मानेवरचे केस विंचरू शकत नाही. शिवाय जोडीने राहणारे ग्लायडर माणसाला परके होतात, हेही खरं नाही. निर्धास्त झालेला प्राणी माणसाजवळ जास्त धिटाईने येतो. एकट्याचा तो लळा पुष्कळदा लळा नसतोच. जवळ येणारं दुसरं कोणी नसतं, म्हणून तो माणसाला चिकटतो.

जगात या गोष्टीचा कायदा झालेला आहे. स्वित्झर्लंडने २००८ मध्ये प्राणिसंरक्षणाचे नियम केले, तेव्हा गिनीपिगसारखे कळपाने राहणारे प्राणी एकटे ठेवायला मनाई केली. दोनांतला एक मेला तर दुसऱ्याला सोबत मिळवून देणारे लोकही तिथे पुढे आले. तिथे हे जमत असेल, तर जोडीशिवाय विक्री नाही एवढा साधा नियम भारतातल्या दुकानांना आणि घरगुती प्रजनन करणाऱ्यांना लावणं अशक्य नाही.

जोडी म्हटली की पिल्लांचा प्रश्न येतो, आणि तो खरा आहे. नर-मादी ठेवली तर पिल्लं होतील. ती कुठे जाणार याचं उत्तर नसलं तर नराचं निर्बीजीकरण करून घ्यावं. ते होऊ शकतं, मात्र लहान आणि परदेशी प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडूनच. लहानपणापासून एकत्र वाढलेल्या दोन माद्याही गुण्यागोविंदाने राहतात. एकाच पिंजऱ्यातले दोन निर्बीज न केलेले नर मात्र मोठे झाल्यावर भांडू शकतात.

आता घराबद्दल. दोघांना राहायला पिंजरा निदान ६० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ९० उंच हवा; त्याहून मोठा असेल तेवढा बरा, आणि वाढवायचा असेल तर आधी उंची वाढवावी. गजांमधलं अंतर सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. डोकं गेलं की ग्लायडर अख्खा जातो, आणि बाहेर मांजर असतं. पक्ष्यांसाठी विकले जाणारे जस्ताचा मुलामा दिलेले पिंजरे टाळावेत, कारण ग्लायडर गजांना दात लावतो आणि जस्त पोटात जातं. रंगाचा पक्का, न निघणारा थर असलेला पिंजरा घ्यावा. आत वर टांगलेली फ्लीसची पिशवी, म्हणजे त्याची ढोली. पिशवीचे टाके आतून उघडे नकोत. नखात धागा अडकला तर तो सोडवण्याच्या धडपडीत पाय मोडतो. पळायला चाक द्यायचं तर मधून आरपार दांडा नसलेलं, नाहीतर शेपूट अडकते. हॅमस्टरचं स्वस्तातलं चाक बहुधा नेमकं तसंच असतं. आणि फांद्या हव्यात, चढायला, चावायला, सालीत दात रुतवायला. औषध न मारलेल्या निलगिरीच्या फांद्या महाराष्ट्रात सहज मिळतात आणि ऑस्ट्रेलियातले त्याचे नातलग जन्म काढतात तोही निलगिरीच्याच सावलीत.

पिशव्या धुताना एक गोष्ट सांभाळावी. स्वच्छतेच्या हौसेने सगळं एकाच दिवशी धुऊन टाकलं, तर घरातला ओळखीचा वास नाहीसा होतो आणि दोघेही अस्वस्थ होतात. नर वेड्यासारखा प्रत्येक कोपरा पुन्हा घासत बसतो. एक पिशवी धुतली तर दुसरी राहू द्यावी. ग्लायडरला अंघोळ तर कधीच घालू नये.

तापमान त्याला सुमारे २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवतं. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत तो जगूच शकणार नाही. पण एसीच्या थेट झोतात ठेवणंही तितकंच वाईट. गारठा आणि अपुरं खाणं एकत्र आलं, तर ग्लायडर शरीर थंड करून काही तास सुप्तावस्थेत जातो. जंगलात ही त्याची जगण्याची युक्ती आहे, पण घरात ते संकटाचं लक्षण मानावं. निफाडच्या थंडीतल्या एखाद्या पहाटे पिशवीत तो गार, ताठर, निपचित आढळला तर मेला असं धरून चालू नये. अंगाशी धरून सावकाश ऊब द्यावी आणि डॉक्टरला फोन करावा. बल्ब, शेगडी, हेअर ड्रायर यांचा भडका नको.

रात्री त्याला पिंजऱ्याबाहेर सोडणं आवश्यक आहे, कारण झेप घेतल्याशिवाय त्याचं शरीर आणि मन दोन्ही कुजतात. मात्र आपल्या खोल्या त्याच्यासाठी सापळ्यांनी भरलेल्या आहेत. छताचा पंखा हा सगळ्यात भयंकर. ग्लायडर बाहेर असेपर्यंत बटण बंद, आणि उकाड्यात कोणी सवयीने चालू करू नये म्हणून बटणावर चिकटपट्टी. कमोडचं झाकण मिटलेलं हवं. गुळगुळीत भांड्यातून त्याला वर येता येत नाही आणि तो बुडून मरतो. भरलेली बादली, उघडा हौद, गॅसवरचं पातेलं, दाराची फट, बिजागरीतला सांधा, सरकत्या खिडकीची खाच. सोफ्यावर बसण्याआधी उशीखाली पाहावं. माणसाच्या अंगाखाली चिरडून मेलेले ग्लायडर थोडे नाहीत. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री त्यांना बाहेर काढू नये. घरातल्या आतल्या खोलीत पिंजऱ्यावर जाड कापड टाकावं आणि जमल्यास कोणीतरी जवळ बसावं.

खाण्याच्या बाबतीत मराठी घराला एक गोष्ट चटकन कळेल. हिवाळ्यात आपण डिंकाचे लाडू करतो. जंगलातला ग्लायडरही डिंकावर जगतो. ऑस्ट्रेलियातल्या बाभळीच्या जातभाईंचा डिंक आणि निलगिरीचा गोड रस हे त्याच्या आहाराचे आधार आहेत. खालचे पुढे आलेले दात सालीत रुतवून तो चीर पाडतो आणि जे पाझरतं ते चाटतो. डिंक पचवण्यासाठी त्याच्या आतड्याला एक मोठी पिशवी जोडलेली असते. त्याच्या जोडीला फुलांतला मध आणि पराग, आणि किडे. फळं त्याच्या पूर्वजांच्या ताटात फारशी नव्हतीच. दुकानातून घरी नेताना ‘सफरचंद-केळं द्या, काहीही खातो’ असं सांगितलं जातं. तो खातोही, गोड असतं म्हणून, आणि त्यातच मरतो.

तो कसा मरतो हे सांगायला हवं, कारण घरी पाळलेल्या ग्लायडरांत हा आजार फार दिसतो आणि पूर्णपणे टाळता येतो. फळं, बिया आणि नुसते किडे यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून ओढत राहतं. हाडं मऊ पडतात, आतून ठिसूळ होतात. मग एके दिवशी मालकाला दिसतं की मागचे पाय ओढत चालतोय, उडी चुकतेय. बरगड्या, पायांची हाडं, मणका कुठेही मोडू शकतो. आहारात कॅल्शियमचं प्रमाण फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट ठेवलं, तर ही वेळ येत नाही. यासाठी पाळणाऱ्यांत ‘लीडबीटर मिक्स’ नावाचं मिश्रण प्रसिद्ध आहे. ते मुळात ऑस्ट्रेलियातल्या लीडबीटर पॉसम या दुर्मीळ नातलगासाठी तयार झालं. त्यात मध, अंडं, लहान मुलांचं सीरिअल आणि जीवनसत्त्वांची भर असते. त्याच्यासोबत रोज थोडे किडे किंवा अंड्याचं प्रथिन, आणि मोजकीच भाजी-फळं. पालक पौष्टिक समजून देऊ नये, कारण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, बिस्किटं, फरसाण यांतलं काहीही त्याच्या तोंडाला लागू नये. मीलवर्म नावाच्या अळ्या म्हणजे त्याच्यासाठी तळलेली भजी. लाडाला एखादा ठीक, जेवण म्हणून नाही.

इथे शाकाहारी घरांनी स्वतःशी प्रामाणिक राहावं. स्वयंपाकघरात अंडं चालत नाही, डब्यातल्या जिवंत अळ्या पाहवत नाहीत, अशा घराने हा प्राणी आणू नये. त्यात कमीपणा काही नाही. पोपटाने डाळ-भात खाल्ला म्हणून ग्लायडरही खाईल, असं धरून चालणं मात्र त्याच्या जिवावर बेततं.

नीट सांभाळलेला ग्लायडर दहा-बारा वर्षं जगतो. चौथीतल्या मुलाने हट्ट करून आणलेला प्राणी तो पदवीधर होईपर्यंत घरात असेल. मुलाच्या दहावीच्या वर्षी, हॉस्टेलला गेल्यावर, लग्नकार्यात, गणपतीला घर आठवडाभर गावी जातं तेव्हा त्याचं कोण पाहणार, हे आणण्याआधी ठरलेलं हवं. डॉक्टरही आधी शोधावा. आपल्याकडच्या बहुतेक पशुवैद्यकांचा हात कुत्री, मांजरं, गाई-म्हशींवर बसलेला असतो. शंभर ग्रॅमच्या प्राण्याला भूल देणं, रक्त काढणं, हा वेगळा अभ्यास आहे. गावात किंवा तासाभराच्या अंतरावर तसा डॉक्टर नसेल तर ग्लायडर आणण्याचा विचार तिथेच थांबवावा.

कायद्याकडे वळलं की निराशा होते, पण पूर्ण नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांगतो की ज्या पिंजऱ्यात प्राण्याला हालचाल करायला पुरेशी उंची, लांबी, रुंदी नाही, त्यात त्याला कोंडणं गुन्हा आहे. पक्ष्याच्या छोट्या पिंजऱ्यात डांबलेला ग्लायडर या कलमात सरळ बसतो. कोणी बोट ठेवत नाही इतकंच. प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय दुकान चालवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. २०२४ च्या नियमांनुसार परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, पण ती सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या जातींचीच. शुगर ग्लायडर त्या परिशिष्टांत नाही. जंगलात तो धोक्यात नाही म्हणून कराराने त्याला वगळलं, ते कराराच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण त्यामुळे आफ्रिकन पोपट पाळणाऱ्याला नोंद करावी लागते आणि ग्लायडर विकणाऱ्याला, त्याची पिल्लं काढणाऱ्याला कोणी विचारत नाही. जोडीची अट घालायची तर आधी ही फट बुजवावी लागेल. शिवाय परदेशी प्राणी चोरूनही येतात. जून २०२५ मध्ये थायलंडहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात जवळपास शंभर प्राणी सापडले: सरडे, सूर्यपक्षी, झाडावर चढणारे पॉसम. असला माल या शहरात उतरतो, कारण इथे घेणारं कोणीतरी असतं.

ग्लायडरच्या स्वतःच्या देशात काय आहे, तेही पाहावं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या भागांत तो पाळता येतो. न्यू साउथ वेल्समध्ये नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया, अलास्का आणि हवाई इथे बंदी आहे. हवाईची बेटं आणि कॅलिफोर्नियाची शेती यांना सुटलेल्या परक्या प्राण्यांची भीती आहे, आणि ती भीती पोकळ नाही. टास्मानियाने ते भोगलं आहे.

टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं मोठं बेट. शुगर ग्लायडर तिथला नव्हता. १८३५ च्या सुमाराला माणसांनी तो मुख्य भूमीवरून नेला. तिथे स्विफ्ट पॅरट नावाचा हिरवा, लाल-निळ्या चेहऱ्याचा पोपट जुन्या निलगिरींच्या ढोलींत घरटं करतो. तो फक्त टास्मानियातच वीण करतो आणि हिवाळ्यात समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर जातो. रात्री ग्लायडर ढोलीत शिरतो आणि अंडी, पिल्लं आणि अंड्यांवर बसलेली मादी, सगळ्यांना खातो. ग्लायडर न पोचलेल्या मरिया आणि ब्रूनी या बेटांवरची घरटी त्या मानाने सुखरूप राहतात. आज हा पोपट अतिसंकटग्रस्त आहे. जंगलतोडीने ढोली कमी झाल्या आणि उरलेल्या ढोलींसाठी झुंज वाढली, हाही त्यातला मोठा भाग. संशोधकांनी शेवटी घरट्यांच्या पेट्यांना प्रकाश ओळखणारी छोटी यांत्रिक दारं बसवली. पोपट दिवसाचा पक्षी, ग्लायडर रात्रीचा. म्हणून दार तिन्हीसांजेला आपोआप मिटतं आणि उजाडलं की उघडतं.

या कथेत ग्लायडर खलनायक नाही. त्याला कोणीतरी नेऊन सोडलं. म्हणूनच कंटाळलेल्या मालकाने ‘बिचाऱ्याला जंगलात मुक्त करू’ म्हणून ताम्हिणीत किंवा माथेरानला नेऊन सोडणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. बहुधा तो तिथे घुबडाच्या किंवा मांजराच्या तोंडी जाईल. वाचला, तर सह्याद्रीतल्या ढोलींत राहणाऱ्या पोपटांना, धनेशांना आणि उडत्या खारींना एक परका वाटेकरी मिळेल. सांभाळणं होत नसेल तर अनुभवी माणसाला, पिंजऱ्यासकट, जोडी न फोडता द्यावा.

ज्यांच्या घरी आज एकटा ग्लायडर आहे, त्यांनी अपराधी वाटून थांबू नये. सोबती आणता येतो. आणताना पिल्लू फार लहान नको, आईच्या पिशवीतून बाहेर येऊन निदान आठ आठवडे झालेलं हवं. नव्याला आधी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावं, डॉक्टरांना दाखवावं, विष्ठा तपासून घ्यावी. मग दोन पिंजरे शेजारी, पण मध्ये हातभर अंतर, कारण गजांतूनही चावे बसतात. दर दोन-तीन दिवसांनी झोपायच्या पिशव्या बदलाव्यात, याची त्याला आणि त्याची याला. पहिल्या रात्री क्रॅबिंग होईल, पिशवी ओढली जाईल, जुना नर रागाने सगळीकडे कपाळ घाशील. आठवड्याभरात तो आवाज कमी होतो. त्यानंतर दोघांना कोणाच्याच मालकीची नसलेल्या जागेत, पंखा बंद असलेल्या खोलीत किंवा छोट्या तंबूत, एकत्र सोडावं आणि जवळ बसून राहावं. भांडणात केस उपटले गेले तर वेगळं करून पुन्हा चार दिवसांनी प्रयत्न करावा. रक्त आलं तर जास्त थांबावं. एखाद्या सकाळी पिशवीत दोन शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतील. त्या दिवशी ती पिशवी धुवायला टाकू नये. तिच्यातला वास आता दोघांचा झालेला असतो.